चौदाव्या किलोमीटरचं पाणी

हिंगोलीच्या स्टँडवर जवळा बाजारकडं जाणारी गाडी लागली. भागवतनं खिडकी धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि मनातल्या मनात 'रामकृष्णहरी' म्हटलं. प्रवासाला निघताना त्याचा हा नेम होता. पण नाम पुरतं व्हायच्या आतच पुढच्या दारातून एक माणूस चढला. उंच, काटक, कानाजवळचे केस पांढरे, अंगात निळं जाकीट आणि पायात धावायचे बूट. त्यानं सगळ्या गाडीवरून नजर फिरवली, ती भागवतवर थांबवली आणि हसत हसत सरळ त्याच्याच शेजारी येऊन टेकला.

"ओळखलं का न्हाई, गिरणीवाले? वाशिम. मागच्या साली."

ओळखलं नाही कसं? हा चेहरा भागवतनं वर्षभर रोज ओळखला होता. दळण घालताना, पट्टा चढवताना, इतकंच काय, आरतीचा कापूर लावतानासुद्धा.

"शेषराव," भागवत म्हणाला. त्यानं पिशवीचा बंद हाताला एक वेढा जास्त दिला.

आता या दोघांचं काय होतं, ते आधी सांगितलं पाहिजे.

पुसेगावात भागवतची पिठाची गिरणी. पीठ नाकातोंडात जाऊन जाऊन चाळिशी ओलांडताच दम लागायला लागला, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं की पहाटे चालत जा. भागवत चालायला लागला, आणि चालता चालता पळायला कधी लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सुरुवातीला शेताकडं निघालेली माणसं थांबून विचारायची, "काय झालं हो? कोण मागं लागलं?" मग त्यांनाही सवय झाली. मागच्या वर्षी वाशिमला अर्धी मॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटरची. भजनी मंडळानं नारळ देऊन त्याला रवाना केलं. आणि तिथं, चौदाव्या किलोमीटरला, हा शेषराव भेटला. शेजारून पळत होता, पळता पळताच एकमेकांचं नाव-धंदा विचारून झालं. भागवतचा चेहरा बघून त्यानं कमरेची बाटली काढली, "प्या, प्या, तोंड पांढरं पडलं तुमचं," म्हणून पाजली. खारट-गोड काहीतरी होतं. भागवतनं दोन घोट घेतले, थोडा पुढं गेला, आणि रस्त्याच्या कडेला जे काय पोटात होतं-नव्हतं ते सगळं बाहेर आलं. मग थकलेल्यांना गोळा करणारा टेम्पो आला. त्या टेम्पोत केळीच्या सालपटांच्या गोणीला टेकून बसलेला भागवत कुणीतरी मोबाईलवर टिपला, आणि भागवत घरी पोचायच्या आत तो मोबाईल पुसेगावात पोचला. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं, टेम्पोवाले महाराज.

या सगळ्यात एक गोष्ट भागवत सांगायचा टाळायचा. त्या दिवशी एकादशी होती आणि त्यानं ती निर्जळी धरली होती.

"उपाशी, बिनपाण्याचं पळाले तुमी," त्याची बायको पुनम म्हणाली होती, "अन् दोष पाणी पाजणाऱ्याला? वा रे न्याव."

पण भागवतचा हिशेब वेगळा होता. चौदा किलोमीटर देवानं नेलं, त्या माणसाचं पाणी पोटात गेलं, उपास मोडला, देव थांबला. साधी गोष्ट आहे. शिवाय अनोळखी माणूस स्वतःच्या प्यायची बाटली दुसऱ्याला काहून देईल? शर्यतीत? कीर्तनात 'सर्वांभूती देव' ऐकून मान डोलवायची आणि बाहेर आल्यावर आपल्या चपला कुणी नेल्या तर नाहीत ना हे आधी बघायचं, अशी आपली सगळ्यांचीच रीत असते. भागवत आपल्यातलाच.

या वर्षी जवळा बाजारला मॅरेथॉन निघाली. पुनमनं आधी कॅलेंडर बघितलं, एकादशी नाही याची खात्री केली, मग नाव घालू दिलं. भागवतनं तिला सांगून टाकलं होतं, "औंदा पुरे एकवीस. टेम्पोत बसायची पाळी आली तर बूट गिरणीच्या खुंटीला टांगीन, परत सडकेवर पाय ठेवणार न्हाई." त्याला ते जमलंही असतं आणि त्यापायी तो आतून मोडलाही असता, हे पुनमला ठाऊक होतं.

आणि आता गाडीत हा शेजारी.

"कुठं थांबणार रात्री?" शेषरावनं विचारलं.

"बघू."

"देवळात बाहेरगावच्यांची सोय केली म्हणतात. सप्ता चालू हाय ना तिथं. मी शाळेत पडणार. तुमची पळायची चाल काय हाय सध्या?"

कशाला पाहिजे याला माझी चाल? "बरी हाय," भागवत म्हणाला.

"पोट कसंय?"

"पोटाला काय झालं?"

"न्हाई, इचारलं आपलं." शेषरावनं पिशवीतून डबा काढला. "घ्या. शेंगदाण्याचा लाडू. आमच्या जनकाबाईनं केलेत, गुळातले. पळायच्या आधी लई ताकद येते यानं."

लाडू पुढं आला. भागवतनं तो घेतला, कपाळाला लावल्यासारखा केला, आणि म्हणाला, "देवळात गेल्यावर खाईन. हात धुतले न्हाईत." लाडू रुमालात गेला, रुमाल खिशात गेला. शेषरावनं ते बघितलं. तो स्वतःचा लाडू खात खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर तुरी पिवळ्या पडल्या होत्या, कापसाची शेवटची वेचणी चालू होती.

मध्येच शेषरावचा फोन वाजला. "जय भीम, बोला," म्हणून तो कनेरगाव नाक्याच्या कुण्या माणसाशी बराच वेळ मोटारीच्या दुरुस्तीचं बोलला. शेषरावचं तिथं पंप आणि मोटारी बांधायचं दुकान होतं. आपल्या मनात तसलं काही नाही, असं भागवतनं स्वतःला सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं. एकदा सांगून भागलं असतं तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं, पण ते असो.

जवळा बाजारला पोचेपर्यंत दिवस कलला होता. सप्ताह म्हणजे सप्ताहच होता, मांडव, झेंडूच्या माळा, भोंग्यातून गाव भरून वाहणारा मृदंग. गंमत अशी की सप्ताहाची माणसं तीच आणि मॅरेथॉनचीही तीच. दुपारी पंगतीला वाढणारी पोरं संध्याकाळी पिवळे टी-शर्ट घालून नंबर वाटत होती. भागवतनं नंबर घेतला, पंगतीत पोळी-वरण जेवला, आणि कीर्तनाला पुढं जाऊन बसला.

आणि काय सांगावं, बुवांचा आवाज! चाल लावली की मांडवाच्या कनातीसुद्धा ऐकत असतील असं वाटावं. त्या दिवशी बुवा संशयावर बोलत होते. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो. साप नसतो, पण घाम खरा येतो. "घाम खरा की न्हाई?" बुवांनी विचारलं. "खरा!" मांडव ओरडला. भागवतही ओरडला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग त्यानं सहज मान वळवली, तर मांडवाच्या कडेला, चहाच्या गाड्यापाशी, शेषराव उभा. कप हातात, डोळे भागवतकडं. त्यानं हात वर करून दाखवला.

कधी कधी दोरी नसते, भागवतनं मनाशी म्हटलं. सापच असतो. बुवांनी ते सांगायचं राहिलं.

पहाटे काकडा झाला. थंडी मरणाची. भागवतनं हापशावर अंघोळ केली, पळायचे कपडे चढवले, लाडवाचा रुमाल तसाच सवयीनं खिशात टाकला, छातीवर नंबर टाचला, वरून घोंगडी घेतली, आणि बूट पायरीवर काढून दर्शनाला आत गेला. देऊळ रिकामं झालं होतं. काकड्याची मंडळी चहा घेऊन मैदानाकडं निघाली होती. गावात पहिल्यांदा असली शर्यत, कुणाला बघायची नाही? आत एकटा विणेकरी उभा होता, बालाजीबुवा नावाचे एक म्हातारे. गळ्यात वीणा, तोंडात नाम.

ज्यानं सप्ताह पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. सात दिवस, अहोरात्र, वीणा उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं उभं राहायचं, नाम घ्यायचं, आणि दुसरं अक्षर तोंडातून काढायचं नाही. पुढचा आला नाही तर? तर उभंच.

"पाय बघा त्यांचे," मागून आवाज आला. पायरीखाली शेषराव उभा होता. त्याच्याही छातीवर नंबर. "बुवा लटलट कापून राहिले. पुढचा गडी आला न्हाई वाटतं."

खरंच, बालाजीबुवांचे गुडघे हलत होते. त्यांनी नाम न थांबवता भागवतकडं बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते कुणालाही वाचता आलं असतं.

"मी धरली असती," शेषराव म्हणाला, "पण माझ्या गळ्यात माळ न्हाई, अन् आमच्यात हे चालत न्हाई. उगा धरून तुमचंबी खोटं अन् माझंबी खोटं. तुमच्या गळ्यात हाय माळ. धरा घटकाभर. मी पुढच्याला हुडकून आणतो."

"अहो, पण शर्यत..."

"आलोच मी!"

आता माळ घातलेला माणूस, समोर वीणा, आणि पडायला आलेला म्हातारा. नाही म्हणायची सोय कुठं होती? भागवतनं घोंगडी टाकली, बालाजीबुवांच्या पाया पडला, बुवा त्याच्या पाया पडले, आणि वीणा त्याच्या गळ्यात आली. बुवा खांबाला टेकून बसले ते बसल्या बसल्याच घोरायला लागले. भागवतनं वळून बघितलं. शेषराव गेला होता.

पहिली घटका गोड गेली. तारेवर बोट पडत होतं, 'रामकृष्णहरी' गाभाऱ्यात घुमत होतं. मग मैदानावरचा भोंगा सुरू झाला. "सर्व धावपटूंनी लवकरात लवकर..." भागवतचं नाम जरा चढ्या सुरात लागलं. वाट बघितली. कुणी आलं नाही. भोंग्यावर गाणं लागलं. कुणी आलं नाही.

आणि मग त्याच्या डोक्यात ते उजाडलं. घटकाभर! कोण कुणाला हुडकायला गेलं होतं? बसमध्ये शेजारी बसणं, कुठं झोपणार म्हणून विचारणं, चाल विचारणं, आणि पहाटे बराबर पायरीशी हजर राहणं. गळ्यातली माळ बघून ठेवली होती त्यानं. मागच्या वर्षी पाण्यानं पाडलं, या वर्षी देवानंच बांधून घातलं. वा रे डोकं! 'रामकृष्णहरी' म्हणता म्हणता त्याचे दात आवळायला लागले.

तेवढ्यात सडा टाकायला गावातली मंजुळाबाई आली. हातात बादली, डोक्यावर पदर. भागवतला वाटलं, सुटलो. पण बोलायचं कसं? त्यानं डोळे मोठे केले. मानेनं मैदानाकडं खूण केली. नाम इतक्या काकुळतीला येऊन म्हणायला लागला की दगडाला पाझर फुटावा. मंजुळाबाईनं बादली खाली ठेवली. दोन्ही हात जोडून ती बघत राहिली.

"माय माय माय," ती म्हणाली, "काय भाव लागला महाराजांचा! डोळ्याला पाणी हाय." आणि पुढं येऊन तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग सडा टाकून, रांगोळीची दोन बोटं ओढून, ती समाधानानं निघून गेली.

ती गेल्यावर दार मोकळं झालं आणि भागवतला पायरी दिसली. पायरी रिकामी होती. त्याचे बूट नव्हते.

झालं. आता शंका कसली? चोराच्या पायाचे ठसेच उमटले. खुंटीवर वीणा अडकवावी आणि अनवाणी पळत सुटावं असं एकदा त्याच्या मनात आलं. खुंटी समोरच होती. त्यानं एक पाऊल टाकलंसुद्धा. पण सहा दिवस गावानं जी वीणा टेकू दिली नाही ती एका पुसेगावच्या गिरणीवाल्यानं टेकवली, हे बोल मग पुसेगावापर्यंत जाणार. टेम्पोपेक्षा वाईट. आणि लोकांचं सोडा, ती तार थांबली तर त्याच्याच आत काहीतरी थांबलं असतं. तो पाऊल मागं घेऊन उभा राहिला.

मैदानावर फटाका वाजला. माणसांचा मोठा ओरडा झाला. शर्यत सुटली.

भागवत रडला. नाम चालू ठेवून रडला. तोंडात हरी होता आणि हरीच्या मागं शेषरावला द्यायच्या शिव्या रांग लावून उभ्या होत्या, पण त्यांना वाट मिळाली नाही एवढं खरं.

कितीतरी वेळानं मोटारसायकल आली. एक आडदांड गडी, अंगात पिवळा टी-शर्ट, हापशावर पाय धुऊन धापा टाकत आत आला. "मी संतराम. पहारा माझा होता, पण मला पाण्याच्या टेबलावर..." एवढंच बोलून त्यानं भागवतचे पाय धरले. भागवतनं त्याचे धरले. वीणा त्याच्या गळ्यात गेली, आणि तिच्याबरोबर त्याचं बोलणंही संपलं.

"शेषराव कुठंय? निळं जाकीटवाला? माझे बूट कुठं हाईत?"

"रामकृष्णहरी," संतराम म्हणाला.

"अहो, नुसतं सांगा तरी!"

"रामकृष्णहरी, रामकृष्णहरी..." संतरामनं हनुवटीनं बाजूच्या खिडकीकडं खूण केली. डोळ्यांनी आणखी काहीतरी सांगत होता, पण मघाशी मंजुळाबाईला जितकं कळलं तितकंच आता भागवतला कळलं.

खिडकीच्या वरच्या गजाला बूट टांगलेले होते. नाड्यांना गाठीवर गाठ. भागवतची नखं थंडीनं बधिर झालेली. दातांनी गाठ सोडता सोडता तो म्हणत होता, "लबाड. वेळ जावा म्हणून बांधले." एका बुटाची टाच कुरतडल्यासारखी झाली होती. तेही त्यानं शेषरावच्याच खात्यावर मांडलं.

मैदानावर एक पोऱ्या दोऱ्या गुंडाळत होता. "काका, आत्ता?" तो म्हणाला. "पळा मग. मागचा टेम्पो कालव्याकडं गेला. टेम्पोच्या मागं राहिले तर मेडल न्हाई."

टेम्पो. देवा.

भागवत पळाला. गावाबाहेर पडला, डांबरी संपली, कालव्याच्या कडेची मुरमाची वाट लागली. दोन्ही बाजूला हरभरा, त्यावर दव. पण तो बघायला कुणाला सवड होती? त्याच्या पायात रागाची मोटार बसली होती. बऱ्याच वेळानं पुढं धुरळा दिसला, मग टेम्पोचं मागचं फळकूट दिसलं. धूर खात खात तो टेम्पोच्या बरोबरीला आला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"बसता का, काका? जागा हाय."

"न्हाई!" भागवत असा ओरडला की बांधावरचे बगळे उडाले.

"अहो, खेकसता काहून? मी तर मायेनं इचारलं."

टेम्पो मागं पडला. पुढं दोन दमलेले गडी दिसले, तेही मागं पडले. आता छातीत भाता चालायला लागला होता. उन्हं वर आली. रागावर माणूस काही किलोमीटर पळतो, पण राग म्हणजे काही भाकरी नव्हे, संपतो. वस्तीपाशी वाट वळली आणि भागवतचे पाय जड झाले. जीभ टाळ्याला चिकटली. वळणावर पाटी होती, चौदा. पाटीच्या खाली पाण्याचं टेबल. टेबलामागं एक बाई आणि टेबलापुढं, हातात पेला धरून, अगदी मागच्या वर्षासारखा हात पुढं करून, शेषराव.

भागवत थांबला. थांबायचं नव्हतं तरी थांबला.

"या, गिरणीवाले," शेषराव म्हणाला. "वाट बघून राहिलो. घ्या."

पेल्यात पाणी होतं, लिंबू कापलेलं दिसत होतं. भागवतनं पेला घेतला नाही. मागं टेम्पोचा आवाज जवळ येत होता.

"तुमी प्या आधी," तो म्हणाला.

शेषरावच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथं राहिलं. त्यानं पेला तोंडाला लावला, सगळा रिकामा केला, उलटा करून दाखवला, आणि दुसरा भरायला लागला.

बोलली ती टेबलामागची बाई. द्वारकाबाई, त्याच वस्तीवरची. "अहो पाव्हणे, काय बोलून राहिले तुमी? हा माणूस उजाडल्यापासून उभा हाय इथं. संतराम होता ना टेबलावर. हे मैदानावर इचारून पिंपांच्या गाडीत बसून आले, म्हणले, 'तुझा पहारा हाय, तिथं एक पळणारा गडी अडकला, जा.' संतराम म्हणला, टेबल सोडून कसा जाऊ, शर्यतीचे मास्तर रागवतील. मग हे म्हणले, 'तू जा, मी उभा राहतो.' बघा की, नंबर तसाच हाय छातीवर."

नंबर तसाच होता. घामाचा एक थेंबही त्यावर नव्हता.

भागवतला बसमध्ये बसल्यापासूनची एकेक गोष्ट उलटी होऊन दिसायला लागली, जशी गिरणीत पट्टा उलटा चढला की जातं उलटं फिरतं. "बूट," तो कसाबसा म्हणाला.

"कुत्रं घेऊन चाललं होतं एक बूट. पंगतीमुळं लई झालेत कुत्रे. हिसकून घेतला अन् वर बांधला. गाठ सुटली ना?"

"दातांनी."

"मोटारीच्या तारा बांधायची सवय हाय, गाठ घट्टच बसते माझी." शेषरावनं पेला पुन्हा पुढं केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, गिरणीवाले. मी काही साधू न्हाई. मलाबी पळायचं होतं. चार महिने सराव केला, घरी बोलणे खाल्ले. अन् तुमी लाडू खिशात घातला ते मी पाहिलं. वाशिमला तुमी उलटी करता करता काय म्हणले, आठवतं का? 'माझी एकादशी मोडली.' तव्हा मला कळलं, हा माणूस सकाळपासून पाण्याविना पळून राहिला. मी घरी जाऊन जनकाला सांगितलं, ती म्हणली, 'मेला असता बिचारा.' मला वाटलं, तुमालाबी तसंच वाटलं असंल, की पाण्यानं वाचलो."

कीर्तनात बुवा म्हणाले होते, घाम खरा येतो. सबंध वर्षभराचा घाम. त्यानं पेला घेतला आणि प्यायला. लिंबू, साखर, मीठ. चव तीच होती, वाशिमचीच. मग त्यानं खिशातून रुमाल काढला. लाडवाचा चुरा झाला होता. तो त्यानं हातावर घेतला, तोंडात टाकला, आणि पेला पुन्हा पुढं केला.

"आणखी एक द्या."

"दमानं," शेषराव म्हणाला. "पोट?"

"बराबर हाय."

टेम्पो वळणावर आला, मघाचे ते दोघं दमलेले गडी आता आत बसलेले. ड्रायव्हर ओरडला, "आता बसता का, काका?"

"तो न्हाई बसत," शेषरावच ओरडला. "तू चाल हळू. पाच मिनिटं टायर बघ तुझा, हवा कमी वाटते मला."

ड्रायव्हर खरंच उतरला आणि टायरला लाथा मारून बघायला लागला. भागवत दोन पावलं पळाला, थांबला, मागं वळला. काहीतरी म्हणायचं होतं. कीर्तनात ऐकलेले किती चांगले शब्द त्याला पाठ होते, त्यातला एकही वेळेवर आला नाही.

"पुढच्या साली," तो म्हणाला, "टेबलावर मी उभा राहतो. तुमी पळा."

"आधी या सालचं पुरं करा! जा!"

उरलेले सात किलोमीटर कसे गेले ते भागवतला नीट सांगता येत नाही. कधी चालला, कधी पळाला. एका कडब्याच्या गंजीला हात लावून उभा राहिला, तेव्हा वाटलं की आता बास. मग मागून टेम्पोची घरघर ऐकू आली आणि पाय आपोआप उचलले. गाव दिसलं तसा देवळाचा भोंगा ऐकू आला. काल्याच्या कीर्तनाची तयारी चालली होती, मृदंगावर हात बसत होता. त्या ठेक्यावर त्यानं पाऊल टाकलं आणि मैदानात आला. कमान काढायला पोरं शिडीवर चढली होती. ती तशीच थांबली. कुणीतरी टाळी वाजवली. भागवत कमानीखालून गेला. सगळ्यांत शेवटी, टेम्पोच्या एका हाताच्या अंतरानं पुढं, पण पायांवर.

गळ्यात मेडल पडलं ते तुळशीच्या माळेवर पडलं आणि खणकन वाजलं. कुणीतरी केळं दिलं. केळं सोलायच्या आधी त्यानं पुनमला फोन लावला.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं. पुरे एकवीस."

पलीकडं तिनं गिरणी बंद केली. मग ती म्हणाली, "अन् तो वाशिमचा माणूस? भेटला का परत?"

"भेटला."

"काय करून राहिला होता?"

"पाणी देत होता. चौदाव्या किलोमीटरला."

"माय! मग? प्यायले का त्याच्या हातचं?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची रिकामी पिंपं घेऊन 'छोटा हत्ती' गाडी आली होती. पिंपांच्या मध्ये, निळ्या जाकिटात, शेषराव उभा होता आणि भागवतच्या छातीवर मेडल आहे का ते लांबून मान उंच करून बघत होता. भागवतनं मेडल हातात धरून वर केलं.

"प्यालो," तो फोनमध्ये म्हणाला. "अन् दुसरा पेला मीच मागून घेतला."